पोपोची टेकडी

माझ्या नातवंडांनो,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे तुमच्या बाबाने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. त्याने एकही वाक्य गाळायचं नाही, आणि मध्येच थांबून "आजी जरा वाढवून सांगतेय" असंही म्हणायचं नाही. मी हे इंग्रजीत लिहिलं असतं, तर तुम्ही आपापल्या खोलीत वाचून मोकळे झाला असता. तसं मला नको आहे.

आत्ताच का, तर मागच्या शुक्रवारी तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर मला शाळेचा प्रकल्प वाचून दाखवलात. 'आमच्या भागाचा इतिहास आणि भूगोल'. मी इतकी वर्षं कुवेतच्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा शाबासकी माझ्याकडून हवी होती. नकाशा सुबक होता. मेट्रोची रेषा, कंटेनरचं बंदर, काचेचे मनोरे, किनाऱ्यालगतची लांबलचक बाग. इतिहासाला मात्र एकच ओळ होती: पूर्वी इथे काहीच नव्हतं, नुसता चिखल होता.

तेवढ्यात तुमची पोपो, तुमच्या आईची आई, मागे येऊन उभी राहिली. तिने नकाशा पाहिला, हाताने हवेत एक उंचवटा काढला आणि तळव्याने तो पुसून टाकला. काहीतरी बोललीसुद्धा. ती बोलते ती तिच्या गावची बोली. तुम्हाला शाळेतली चिनी येते, ती येत नाही. तुम्ही आईला विचारलंत, काय म्हणतेय ही? आई म्हणाली, "भूक लागलीय तिला." तुम्ही हसलात. धाकटीने हवेत पुसायची नक्कल करून दाखवली. थोरल्याने उठून दार लावून घेतलं, पोपोच्या तोंडावर.

तिला भूक लागलेली नव्हती. ती काय म्हणत होती ते मला कळलं, कारण ती खूण आम्हा दोघींची आहे.

थोरल्या, तुझा जन्म इथला, कुवेतमधल्या जाब्रियाच्या इस्पितळातला. तेव्हा तुझे आईबाबा इथेच, फिंतासला, आमच्या घरात राहत होते. तुझी आई एका चिनी कंत्राटी कंपनीत दुभाषी होती. बाळंतपणासाठी तिने आईला बोलावून घेतलं. विमानतळावर पोपोच्या बॅगेतून डुकराच्या मांसाचे वाळवलेले सॉसेज निघाले. या देशात ते चालत नाहीत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कस्टमवाल्याने एकेक काढून पिंपात टाकले. लेकीसाठी तिने ते स्वतः वाळवले होते. गाडीत तुमचे आजोबा म्हणाले, "बरं झालं बाई. नाहीतर बारशाला विहीणबाईंनी आपल्या पाहुण्यांना काय वाढलं असतं, देव जाणे." तुमचा बाबा खो खो हसला. पोपोने लेकीकडे पाहिलं. तुमच्या आईने तिला काहीतरी सांगितलं, आणि पोपोने मागच्या सीटवरून कमरेत वाकून आजोबांचे आभार मानले.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"प्रवास कसा झाला विचारतायत, असं."

त्या घरात भाषांतर असंच चाले.

आमच्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना, त्यांच्याकडे एक महिना. थंड पाणी नाही, वाऱ्याला बसायचं नाही, डोकं बांधलेलं. यावर आम्हा दोघींचं न बोलताच एकमत झालं. मी डिंकाचे लाडू केले, तिने आलं आणि काळा व्हिनेगर घालून बकऱ्याचे पाय शिजवले. आजोबांनी नाकाला रुमाल लावला आणि दोनदा मागून खाल्ले.

दुपारी तुमची आई खुशीत असली की पोपोचं बोलणं मला खरंखुरं सांगायची. तुमच्या भागाचा भूगोल मी तिथून शिकले.

आज तुमचा मनोरा उभा आहे तिथे, पोपोच्या गावासमोर, उथळ खाडी होती. ओहोटीला पाणी पार क्षितिजापर्यंत मागे जाई आणि कंबरभर खोल चिखल उघडा पडे. त्या चिखलात दगड रोवलेले असत, दगडांवर कालवं धरत. पुरुष होड्या घेऊन लांब जात, कालवं बायका काढत. एक गुडघा लाकडी फळीवर टेकायचा आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत घसरत जायचं. थांबलं की रुतलं. किनाऱ्यावर मिठागरं, त्यामागे एकाच आडनावाच्या लोकांचं गाव, आणि गावामागे टेकडी. सगळे मेलेले टेकडीवर. आधी पुरायचं. काही वर्षांनी घरच्या माणसांनी हाडं वर काढायची, पुसायची आणि मातीच्या उभट रांजणात ठेवायची, पावलं खाली, कवटी वर, म्हणजे माणूस बसलेला राहतो. मग रांजण समुद्राकडे तोंड करून टेकडीवरच मांडायचा.

पोपोची आई कालवं काढायला गेली असताना चिखलात रुतली. फळी निसटली होती. भरती आली. बाकीच्या बायका ओरडत राहिल्या, पण जवळ कोणी गेली नाही, कारण जी गेली असती तीही रुतली असती. पोपो तेव्हा मिठागरावर काम करत होती. तिने काठावरून सगळं पाहिलं. पाणी उतरल्यावर आईला ओढून काढलं आणि टेकडीवर पुरलं. ती दुसरेपणाची बायको होती, म्हणून तिच्यावर दगड बसवला नाही. जागा एकट्या पोपोला माहीत होती. हाडं काढायचं वर्ष आलं होतं. नातवाला न्हाऊमाखू घालून ती त्यासाठीच परत जाणार होती.

मग तिच्या सावत्र भावाचा फोन आला. पोपोकडे फोन नव्हता, तुमच्या आईकडेच यायचे. तिने स्वयंपाकघरात जाऊन घेतला आणि बाहेर येऊन तुमच्या बाबाला इंग्रजीत सांगितलं. टेकडी फोडणार आहेत. दगडमाती खाडीत टाकून जमीन करणार आहेत. ज्याने त्याने आपली माणसं उचलून न्यायची. सावत्र भावाने त्याच्या आईला आणि वडिलांना उचललं होतं. हिच्या आईची जागा त्याला माहीत नव्हती आणि शोधायची इच्छाही नव्हती.

पोपो समोर बसून, थोरल्या, तुझे लंगोट घडी करत होती.

"तिला आत्ता सांगू नकोस," तुमचा बाबा म्हणाला. "लगेच जायचं म्हणेल."

मी म्हटलं, "अरे, आई आहे ती तिची."

"हाडं आहेत, आई. आणि इथे बाळाला कोण बघणार? तू दिवसभर शाळेत."

आजोबा पेपरमागून म्हणाले, "म्हातारी इतकी वर्षं थांबलीय मातीत. अजून चार महिने थांबेल."

"टेकडी थांबणार आहे का?"

"मग जा, टेकडीला सांगून ये."

"मी सांगेन विहीणबाईंना," मी म्हणाले. तुमची आई हसली. "कशा सांगणार? तुम्हाला तिच्याकडे मीठसुद्धा मागता येत नाही."

ते खरं होतं.

संध्याकाळी तू झोपलास की पोपो आणि मी फिंतासच्या किनाऱ्यावर फिरायला जात असू. इथेही ओहोटीला ओली वाळू उघडी पडते. त्या वाळूवर बोटाने तिने मला तिचं गाव बरेचदा काढून दाखवलं होतं: खाडी, दगडांच्या रांगा, मिठागरं, आणि मागे वाळूचा ढीग करून टेकडी. त्या दिवशीही तिने काढलं. मी वाकले आणि टेकडी तळव्याने पुसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तिने हसून पुन्हा टेकडी केली. मी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा मी ती वाळू ओंजळीत उचलली, तिच्याच नकाशातल्या समुद्रावर नेली आणि टाकली.

तिचं हसू गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेकडी होती त्या सपाट जागेवर एका ठिकाणी बोट टेकलं. नेमकं एका ठिकाणी. मी होकारार्थी मान हलवली. ती तिथेच ओल्या वाळूत बसली. जवळून जाणाऱ्या मुलांनी बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि ती मुलं फिदीफिदी हसत पळाली.

घरी येऊन तिने बॅग भरली आणि पासपोर्ट मागितला. तो तुमच्या बाबाच्या कपाटात होता, कुलपात. तुमच्या आईने आधी मला विचारलं, "झालं तुमचं समाधान?" मग ती आईशी बोलली. फार वेळ नाही. बोलून झाल्यावर माझ्याकडे वळून तेच इंग्रजीत पुन्हा म्हणाली, मलाही कळावं म्हणून: "मी म्हटलं, जा. पण गेलीस तर या मुलाला पुन्हा हात लावायचा नाही. मेलेली आई हवी की जिवंत नातू, ते ठरव." त्या एकाच वेळी तिने माझ्यासाठी शब्दाला शब्द भाषांतर केलं.

मी तुमच्या बाबाकडे किल्ली मागितली. तो म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस," आणि किल्ली खिशात घातली. आता हे वाक्य तो वाचतो आहे. त्याला वाचू द्या.

पोपोने बॅग रिकामी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं तेल कोमट केलं आणि तुला पायांवर घेऊन चोळलं. तुझ्या अंगावर तिचा हात कधी जड पडला नाही. मी बघत होते, पडतो का ते.

टेकडी फोडल्याचा व्हिडिओ सावत्र भावाने पाठवला. तो मात्र तुमच्या आईने लगेच दाखवला. "बघ, संपलं एकदाचं. आता डोक्यातून काढ." धूळ, यंत्रं, ट्रकांची रांग, आणि पाण्यात ओतली जाणारी लाल माती. पोपोने तो पाहिला आणि पुन्हा लावायला सांगितला. आजोबा म्हणाले, "कोणीतरी चहा टाका रे." कोणी उठलं नाही, तेव्हा पोपोच उठली.

तर तुमच्या भागाचा इतिहास हा. जिला समुद्रातून ओढून टेकडीवर ठेवलं, तिला टेकडीसकट परत समुद्रात लोटलं. त्यावर भराव, भरावावर रस्ते, रस्त्यांना छान छान नावं, आणि पुढे तुम्ही सगळे तिथेच राहायला गेलात. तुमच्या मनोऱ्याचं तळघर, जिथे बाबा गाडी लावतो, ते त्या मातीत खणलेलं आहे. फिंताससुद्धा एकेकाळी विहिरींचं आणि बागांचं गाव होतं म्हणतात, आज इथेही मनोरेच आहेत. मला त्याचं काही वाटत नाही. माझं कोणी इथल्या मातीत नाही.

तुमच्या प्रकल्पातल्या भूगोलाला मी पूर्ण गुण देते. इतिहासाला शून्य.

मी तुमच्याकडे आले होते तेव्हा पोपो मला एका ठिकाणी घेऊन गेली. तुम्ही गेमवर होतात, तुमच्या आईने टॅक्सी करून दिली आणि स्वतः आली नाही. टेकडी फोडताना जी हाडं आपोआप वर आली आणि जी कोणी नेली नाहीत, ती मजुरांनी गोळा केली होती. कोणाचं काय, हे न बघता ती रांजणांत भरून बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडच्या एका इमारतीत ठेवली आहेत. वरच्या फळ्यांवर घरच्यांनी आणून ठेवलेले, नावं आणि फोटो असलेले. निनावी रांजण सगळ्यात खाली, फरशी पुसताना पाणी उडतं तिथे. पोपो त्यातल्या प्रत्येकासमोर गुडघे टेकून बसली आणि प्रत्येक कोरडा पुसला. तिची आई त्यांत आहे की तुमच्या तळघराखाली, हे तिला माहीत नाही. मलाही नाही, आणि आता कोणाला कळणारही नाही.

ती इमारत अजून आहे. खालच्या फळीवरचे रांजण अजून आहेत.