सातवी मोरी

डोंगरातल्या रस्त्यावर काम करणाऱ्या टोळीचा तो मुकादम. सगळे त्याला मैलदगड म्हणत, कारण कुठल्याही वळणावर उभा केला तरी पुढं किती रस्ता उरला ते तो न बघता सांगायचा. सव्वीस वर्षं त्यानं तो रस्ता पोटच्या पोरासारखा सांभाळला. मग एका पावसात दरड आली आणि रस्त्याचा एक तुकडा दरीत घेऊन गेली. जीव कुणाचा गेला नाही. पण पलीकडून बोगदा काढला आणि जुना रस्ता कायमचा बंद झाला.

मुकादमाची बदली दुसरीकडे झाली. त्यानंतर तो तिकडे फिरकलाच नाही. विचारलं की गुडघे दाखवायचा. खरं कारण वेगळं होतं. दरडीच्या आदल्या दिवशी सातव्या मोरीत, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेत, पालापाचोळा साचलेला त्यानं पाहिला होता. अंगात ताप होता. ‘उद्या बघू,’ म्हणून घरी गेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘सातव्या मोरीजवळ दरड.’ ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. नऊ वर्षं आतल्या आत कुरतडत होती.

तो निवृत्त झाला तेव्हा लेकीनं नवी सायकल घेतली आणि जुनी त्याच्यापुढं उभी केली. “बाबा, बंद रस्त्यानं जाऊ. एक गाडी नाही तिकडे.”

“तिकडे आता फक्त शेळ्या असतील.”

“मग शेळ्या बघू.”

पोरगी बापाच्या वरताण हट्टी. निघाले.

गवतानं डांबर फोडलं होतं. मधली पांढरी रेघ जाता जाता सरळ दरीत उतरली होती. त्याच्या बऱ्याच अलीकडे, सातव्या मोरीपाशी, मुकादम थांबला, सायकलवरून उतरला आणि पुढं जाईना.

“दमलात?”

तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं.

लेकीनं सायकल आडवी टाकली आणि कठडा धरून खाली उतरली. खालून ओरडली, “बाबा, पाणी वाहतंय! भिंतीला चीरसुद्धा नाही!”

तो वाकून बघतच राहिला. मग मान वर करून सगळा डोंगर पाहिला. कडा माथ्यापासून सुटला होता आणि मोरीपासून चांगली शंभर पावलं पुढं रस्त्यावर आला होता.

“रस्ता मोरीमुळं गेला असता,” तो हळूच म्हणाला, “तर आधी मोरी गेली असती.”

“मग?”

“मग काय! वरचा खडकच सुटला. त्याला कोण काय करणार?” तो मटकन खाली बसला आणि रडता रडता हसायला लागला. जीव भांड्यात पडला होता.

उतारावर त्यानं ब्रेकला हातच लावला नाही. लेक मागून ओरडत होती.

घरी आल्या आल्या त्यानं बायकोलाही सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, “एवढंच? नऊ वर्षं झोपेत ‘सातवी, सातवी’ करताय. मी म्हटलं, आधीच्या सहा कोण?”