ताईच्या पाळीचं ठरवलेलं वय

लिव्हरचा आजार म्हणजे दारू, एवढंच वैद्यकीय ज्ञान माझ्या ताईच्या सासूकडे आहे. सोनोग्राफीत ताईच्या लिव्हरवर चरबी निघाली, तेव्हा त्यांनी तिला धुळ्याहून थेट जळगावला आणलं. धुळ्याच्या दवाखान्यात कोणी ओळखीचं भेटलं असतं ना. आई आणि मी तिथल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सासूबाई डॉक्टरीणबाईंना बजावत होत्या, "आमना घरमा कोणी दारू पेत नही, बाई."

"दारू न पिताही हे होतं," डॉक्टर म्हणाल्या आणि ताईकडे वळल्या. "पहिली पाळी कितव्या वर्षी आली?"

"चौदाव्या," आईने परस्पर सांगून टाकलं.

हे चौदा आमच्या घराने ठरवलेलं. पाळी आली तेव्हा ताई चौथीत होती. इतक्या लवकर आली म्हणजे पोरीतच काही खोट, हा आमच्या थोर नातेवाइकांचा शोध. मग शाळेतला खो-खो बंद, डिंकाचे लाडू सुरू, आणि दिवसभर घरात बसायचं. आमचे वडील, आबा, गावोगाव स्त्री-पुरुष समतेची पत्रकं वाटत. ती वाचतच मी वाढले. घरात पाळीचा विषय निघाला की हेच आबा पायात चपला सरकवून चौकात जात. इतकी स्वस्त समता मी दुसरीकडे पाहिली नाही. पुढे धुळ्याचे पाहुणे ताईला बघायला आले आणि आईने त्यांना चौदा सांगितलं.

"नऊ," ताई आता आईकडे न बघता म्हणाली. "नऊ वर्षांची होते."

"लगीनना येळे तं चौदा सांगेल व्हतं." सासूबाईंचा सूर माल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाचा.

डॉक्टरांनी त्यांना थांबवलं. "पाळी फार लवकर आलेल्या बायकांमध्ये पुढे वजन, साखर, लिव्हरवरची चरबी जास्त दिसते. प्रत्येकीला होतंच असं नाही. पण खरं वय कळलं तर लक्ष ठेवता येतं. अजून आटोक्यात आहे. गोड कमी करा, रोज भरभर चाला."

बाहेर आई पुटपुटली, "सांगायची काय गरज होती?"

सासूबाईंना वेगळीच चिंता. "रोज फिरशी तं लोके काय म्हणतीन?"

"म्हणू द्या, आत्या," ताई सासूबाईंना म्हणाली. "संध्याकाळच्या भाकरी तुम्ही टाका."

बसस्टँडला जाताना ताई रिक्षात मला विचारत होती, चालायला कुठले बूट बरे.