लिनेट कॅमिशनं दिलेलं खोटं नाव

लिनेट कॅमिशचा विश्वास फक्त स्वतःच्या हातच्या गाठीवर होता. बाकी सगळं तपासून घ्यायचं. दूध हुंगून, मीटर बघायला आलेल्या माणसाला दाराच्या फटीतून न्याहाळून, आणि हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याला तर टीव्हीसमोर उभं राहून खोटारडा म्हणून. ब्रिडलिंग्टन बंदराच्या धक्क्यावर तिची पत्र्याची शेड होती. तिथे बसून ती शेवंडी धरायचे पिंजरे विणायची. आधी नवऱ्याच्या, हेडलीच्या होडीसाठी, तो गेल्यावर मुलाच्या, ग्लेनच्या होडीसाठी, आणि उरल्या वेळात अख्ख्या बंदरासाठी. वय अडुसष्ट. डावखुरी, त्यामुळे गाठही उलटी. समुद्रातून कुणाचाही पिंजरा वर आला तरी लोक सांगायचे, हा लिनेटचा.

आठ वर्षांपूर्वी, देशानं युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही यावर मतदान झालं, तेव्हा तिनं सगळा धक्का पिंजून काढला होता. परदेशी होड्या जाऊन आपला समुद्र आपल्याला परत मिळणार, हे प्रत्येक होडीवाल्याला ऐकवलं. ग्लेनला तर महिनाभर रोज, जेवणाच्या टेबलावर. मतदान केंद्रात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. ती सरकारनं मुद्दाम ठेवलेली, मागाहून खोडायला सोपी पडावी म्हणून, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तिनं घरून दोन पेनं नेली, एक स्वतःला आणि एक ग्लेनला. आत शिरताना तिनं त्याला पुन्हा बजावलं, "बाहेर पडायचं. कळलं ना?" तो म्हणाला, "हं."

देश बाहेर पडला. मग तीन वर्षांपूर्वी नवे नियम आले आणि शेवंडी लॉरीत मरायला लागल्या. पूर्वी दुसऱ्या दिवशी फ्रान्समधल्या हॉटेलात जिवंत पोचणारा माल आता जनावरांच्या डॉक्टरच्या सहीशिक्क्याच्या कागदांसाठी अडायला लागला. एक तारीख चुकली की गाडी दीड दिवस उभी. ग्लेनचा माल तीनदा मेला. मग तो कमी बोलायला लागला, आणि अलीकडे फोन आला की उठून बाहेर जायला लागला. होडी विकायचं चाललंय, हे लिनेटनं ताडलं. पण "आई, हे तुझ्यामुळे झालं" असं तो एकदाही म्हणाला नाही. त्या न म्हणण्यालाच ती जास्त घाबरायची.

कारण आपलं चुकलं हे तिला केव्हाच कळलं होतं. पण ते तोंडातून काढायचं म्हणजे पोराला सांगायचं, की बाबा रे, मीच तुला खड्ड्यात ढकललं. मग तो पुन्हा घराची पायरी चढेल का? या भीतीनं ती गप्प होती.

मे महिन्यात एक बाई शेडच्या दारात उभी राहिली. इमोजेन नाव, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"सर्वेक्षण आहे. आज पुन्हा मतदान झालं तर तुम्ही तेच मत द्याल का?"

"कुणी पाठवलं तुला?"

"एका संस्थेनं, इथल्या पेपरसाठी. नाव नाही सांगितलंत तरी चालेल."

"चालेल म्हणजे? मग तुला कळायचं कसं मी कोण ते? का आधीच माहिती आहे?"

दहा मिनिटं ही उलटतपासणी चालली. शेवटी इमोजेन दमून उलट्या बादलीवर बसली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "छान आहे हो शेड. माझ्या आजोबांकडे अशीच होती, पण त्यात डुकरं असायची."

लिनेट ताडकन उठली. धक्क्यावर त्या जनावराचं नाव काढत नाहीत. काढलंच तर थंड लोखंडाला हात लावायचा, नाहीतर होडी परत येत नाही. तिनं पिंजऱ्याची सळई घट्ट धरली. इमोजेनला काही समजलं नाही, पण तिनंही गुपचूप दुसऱ्या टोकाला सळई धरली. हसली नाही.

"ग्लेन बाहेर आहे समुद्रावर," लिनेट म्हणाली.

"मग आणखी थोडा वेळ धरू या," इमोजेन म्हणाली.

आणि एवढ्यावर लिनेट विरघळली. चहा झाला. आणि तीन वर्षं मनात दाबलेलं सगळं बाहेर पडलं. "चुकलं गं माझं. आणि मी पोरालाही ओढलं त्यात." सावध बाई मात्र सावधच. पेपरात छापायला नाव विचारल्यावर तिनं बेधडक खोटं ठोकून दिलं: मिसेस पीकॉक.

धंदा विचारल्यावर खरा सांगितला. पिंजरे विणते म्हणून.

गुरुवारी स्थानिक पेपरात छापून आलं. 'बंदरावर पिंजरे विणणाऱ्या मिसेस पीकॉक (६८) म्हणतात: माझं चुकलं, मी पोरालाही ओढलं.' त्या बंदरावर पिंजरे विणणारी बाई एकच होती, आणि पीकॉक नावाचं तर कुणीच नव्हतं. लिनेटनं दुकानात जाऊन पेपरच्या पाचही प्रती उचलल्या. दुकानदार टेरीनं चष्म्यावरून बघितलं.

"एवढे पेपर कशाला गं?"

"फरशीवर अंथरायला."

"हो का? बरं, मिसेस पीकॉकना नमस्कार सांग."

धक्क्यावरून परत येताना जाळी धुणारे दोघं बोलता बोलता गप्प झाले. एकानं खोकल्याचं निमित्त केलं. म्हणजे यांना कळलं. म्हणजे रेडिओवरून होडीवर कळवलं असणार. दुपारभर लिनेटच्या हाताला गाठ बसेना. चारला ग्लेनची होडी आत आली, आणि तो माल न उतरवता सरळ शेडमध्ये आला. ओल्या बुटांसकट.

"पाचही पेपर तूच घेतलेस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"आई, पेपर फोनवर येतो."

लिनेटनं हातातली सुई खाली ठेवली. "मग बोल. दे शिव्या. मी ओढलं तुला, तुझा धंदा मी बुडवला. तीन वर्षं गप्प आहेस, आज काय ते बोलून टाक."

"तेच तर बोलायला आलोय!" ग्लेनचा आवाज चढला. "ओढलं म्हणे! तेहेतीस वर्षांचा होतो मी. दोन पोरींचा बाप. आता सगळं बंदर हसतंय, की ग्लेन कॅमिश आईला विचारून मत देतो."

"पण मी रोज तुला..."

"तू रोज बोलायचीस आणि मी हं हं करायचो. बाबा करायचे तसंच. माझं ठरलं होतं तुझ्या आधी, होडीवर, एकट्याचं. तू उलटं सांगितलं असतंस तरी मी तेच केलं असतं."

"आणि आता?"

तो बादलीवर बसला. "आता काय! चुकलो. पण ते मी चुकलो. होडी विकली. सोमवारपासून समुद्रातल्या पवनचक्क्यांवर माणसं नेणाऱ्या बोटीवर जातोय. सांगणार होतो, पण तू फोनकडे अशी बघायचीस की बोलायचा धीर होईना."

"म्हणजे दोष माझा नाही?"

"माझ्या मताचा नाही," ग्लेन म्हणाला. "तुझ्या मताचं तू बघ." आणि तो माल उतरवायला गेला.

तीन वर्षं ती पोराची माफी मागायची तयारी करत होती. वाक्यंसुद्धा ठरली होती. आता तिच्याकडे फक्त तिचं स्वतःचं मत उरलं होतं, आणि त्याची माफी मागावी असं समोर कुणीच नव्हतं.