दाखवायच्या रायफली

२०१२ साली मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि चार महिन्यांत सिंगापूरला गेलो. अठ्ठावीस वर्षं पायदळात काढली होती. त्यातली अकरा वर्षं मी उस्ताद होतो, म्हणजे जवानांना रायफल शिकवायचो. सोमालियाचे चाचे मालवाहू जहाजं पळवत होते, त्या काळातली ही गोष्ट. एक खासगी सिक्युरिटी कंपनी अशा जहाजांवर चार-चार माजी सैनिक पाठवायची. तिला हत्यारांतला माहीतगार माणूस हवा होता. ऑफिस तांजोंग पगारला, अकराव्या मजल्यावर. मी चोआ चू कांगला दोन मराठी इंजिनियरांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. सव्वासातची एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडायची, साडेआठला टेबलावर हजर.

त्या ऑफिसात एकही रायफल नव्हती. सिंगापूरच्या कायद्यात ते बसतच नाही. आमची हत्यारं भर समुद्रात नांगरलेल्या एका जहाजावर असत. त्याला फ्लोटिंग आर्मरी म्हणत. टीम तिथून हत्यारं उचलायची, चाच्यांच्या टापूतून जहाज पार करायची आणि पुढच्या आर्मरीत हत्यारं जमा करायची.

नव्या टीमसाठी पाच रायफली निवडायच्या, हे माझं पहिलं काम. जितक्या तऱ्हेच्या रायफली तितकी ताकद जास्त, असं सिव्हिलियन माणसाला वाटतं. तसं नसतं. जहाजावरच्या पहाऱ्यात रोजचं काम साधं असतं. चार तास उभं राहायचं, दुर्बिणीतून बघायचं, ड्यूटी संपली की रायफलीवरचं मीठ पुसायचं, तेल द्यायचं. बहुतेक फेऱ्यांत एकही गोळी झाडावी लागत नाही. झाडावी लागली तर मात्र ती सुटलीच पाहिजे. मी यादी दिली ती अशी : एकाच बनावटीच्या चार सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे घोडा दाबला की एकेक गोळी सुटणाऱ्या, आणि लांबवर इशाऱ्याची गोळी टाकायला दुर्बीण लावलेली एक बोल्ट-अॅक्शन, दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची. पाचही रायफलींना काडतूस एकच. चारही सेमी-ऑटोमॅटिकची मॅगझिन आणि सुटे भाग एकमेकींना बसणारे. एकाची रायफल अडली तर त्यानं शेजाऱ्याची उचलावी आणि चालवावी. यादी अर्ध्या पानात संपली.

ऑपरेशन्स मॅनेजर केतन पुण्याचा. वय तेहेतीस, एमबीए. बोलायला गोड. त्यानं उभ्या जन्मात रायफल हातात घेतली नव्हती. त्यानं स्क्रीनवर चित्रं लावली.

"काका, हे सगळं एकसारखं दिसतंय. क्लायंटला व्हरायटी दिसली पाहिजे. ही बघा, कसली कूल आहे!"

"सर, तिचं काडतूस वेगळं आहे."

"दोन्हींवर सात पॉइंट बासष्टच लिहिलंय की."

मी समजावून सांगितलं. सात पॉइंट बासष्ट मिलिमीटर ही गोळीची जाडी. पण एकीचं काडतूस लांब असतं, दुसरीचं आखूड. एकीचं दुसरीत जात नाही. त्यानं मान हलवली. डोळे फोनवर होते.

तीन आठवड्यांनी रायफली आल्या. तीन एका जातीच्या, दोन दुसऱ्या. सोबत तपासणीचा कागद : पाचही रायफली तपासल्या, वापरण्यास योग्य आहेत. खाली सहीची जागा माझी.

"मी या पाहिल्या नाहीत," मी म्हणालो.

"आर्मरी समुद्रात आहे, काका. फोटो आहेत ना? चांगल्या दिसतायत."

कागद घेऊन आलेली चिनी क्लार्क मुलगी दारातच उभी होती. तिला जेवायला जायचं होतं. "अंकल, जस्ट साइन ला," ती तिथल्या इंग्रजीत म्हणाली.

फौजेत हत्यार हातात घेऊन, बोल्ट मागे ओढून, नळीत डोकावल्याशिवाय मी कधी सही केली नव्हती. इथे माझा कामाचा पास कंपनीनं काढलेला, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते आणि मुलगा इंजिनियरिंगला होता. मी फोटो बघून सही केली.

टीम लीडर हवालदार साळुंखे. चौघांत सर्वांत लहान नाईक बाळकृष्ण शेडगे, आमचा बाळू, खटाव तालुक्यातला. रिक्रूट असताना त्याला रायफल धरायला मी शिकवलं होतं. ही नोकरीही मीच लावून दिली होती.

टीम जहाजावर चढली त्याच्या दुसऱ्या दिवशी साळुंखेचा मेल आला. काडतुसांच्या सगळ्या पेट्यांवर सात पॉइंट बासष्ट लिहिलंय. सगळी काडतुसं लांब आहेत. दोन रायफलींना एकही राउंड बसत नाही. मी मेल घेऊन केतनकडे गेलो.

"तीन चालतायत ना?"

"चार माणसं आहेत, सर. पहारा दोन्ही बाजूंनी लागतो. कॅप्टनला सांगून जहाज टापूबाहेर थांबवा."

"कॅप्टनला सांगितलं की कॉन्ट्रॅक्ट गेलं. त्या दोन दाखवायला ठेवा. चाचे लांबूनच बघतात, आत गोळी आहे की नाही त्यांना काय कळतंय?"

हे बोलताना तो हसला. तो निरोप मीच टाइप केला आणि पाठवला. संध्याकाळी सॅटेलाइट फोनवर बाळू आला.

"उस्ताद, रिकामी रायफल घेऊन उभं राहायचं?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"जी, उस्ताद."

पुढच्या दिवशी दुपारी १४१० वाजता साळुंखेचा फोन आला. जहाजावर तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑफिसात मी आणि ती क्लार्क होतो.

"सिंगापूर, टीम सात. दोन होड्या. डावीकडून. अंतर बाराशे मीटर."

"जहाजावर चढायच्या शिड्या दिसतात?"

"दिसतात. हत्यारंही आहेत."

"तीन रायफली डावीकडे घे. सहाशेला इशारा."

१४१६ ला इशाऱ्याच्या गोळ्या झाल्या. मला त्या फोनवर ऐकू आल्या. एक होडी थांबली. दुसरी जहाजाच्या मागून वळसा घालून उजवीकडे निघाली.

"उजवीकडे कोण आहे?"

"बाळू."

"रायफल?"

"दाखवायची."

"त्याला खाली बसव. आडोशाला. एकाला तिकडे पळव."

"सांगितलं."

१४१९ ला ऑटोमॅटिक फायर. ते आमचं नव्हतं. मग आमच्या एका रायफलीचे चार राउंड. १४२४ ला साळुंखे बोलला, "होड्या परत फिरल्या. बाळूला लागलंय. छातीत." त्याच वेळी केतन हॉकर सेंटरवरून, खालच्या खाण्याच्या गाळ्यांवरून, जेवून आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉफी होती. तो स्ट्रॉ ओढत उभा राहिला आणि विचारलं, "जहाज सेफ आहे ना?"

१४४१ ला निरोप आला. बाळू गेला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता केतननं केबिनचं दार लावून घेतलं. रिपोर्ट त्यानं तयार ठेवला होता. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, सर्व हत्यारं वापरण्यास योग्य होती. सोबत माझ्या सहीचा कागद जोडला होता.

"काका, टेक्निकली रायफल चांगलीच होती ना? फक्त राउंड नव्हते."

मी लढाईत मेलेली माणसं पाहिली आहेत. उन्हात तीन दिवस पडलेली प्रेतं उचलली आहेत. पण त्या वाक्यानं जशी शिसारी आली, तशी कधी आली नव्हती. त्याच्या अंगाला सेंटचा वास येत होता. समोर बसवेना. आणि त्या कागदावरची सही माझी होती, म्हणून मला स्वतःचीही तितकीच किळस आली.

मी त्या रिपोर्टवर सही केली नाही. खाली जाऊन एका फूड कोर्टच्या टेबलावर स्वतःचा जबाब लिहिला. मेल, निरोप, वेळा, सगळं लिहिलं. न बघता सही केली हेही लिहिलं. जहाजाच्या मालकांना तो नेऊन दिला. आठ दिवसांत माझा पास रद्द झाला. त्या मालकांनी कंपनीचं काम काढून घेतलं. पुढच्या वर्षी त्याच अकराव्या मजल्यावर नव्या नावाची पाटी लागल्याचं साळुंखेनं कळवलं. केतन तिथेच होता. बढती मिळाली होती.

भारतात परतल्यावर मी आधी बाळूच्या गावी गेलो. वडील आणि बायको सुनंदा ओसरीवर बसले होते. सुनंदानं एकच विचारलं.

"ह्यांनी गोळी झाडली का?"

"त्याच्या रायफलीत गोळी नव्हती. आणि रायफल ठीक आहे असं लिहून देणारा मी."

वडील उठून आत गेले.

"फोनवर म्हणाले होते," सुनंदा म्हणाली, "उस्ताद आहेत तिकडं, काळजी करू नको."

मी हात जोडले आणि निघालो.

पुढे साळुंखे भेटला तेव्हा १४१६ ते १४१९ या तीन मिनिटांत काय झालं ते त्यानं सांगितलं. आडोशाला बस म्हणून त्यानं दोनदा ओरडून सांगितलं होतं. बाळू बसला नाही. त्याच्या पाठीमागे काचेआड सुकाणूवर एक फिलिपिनो खलाशी एकटा उभा होता. होडी जवळ येऊ नये म्हणून बाळूनं रिकामी रायफल खांद्याला लावली, होडीवर नेम धरला आणि दुसरा जवान धावत पोचेपर्यंत तसाच उभा राहिला.

नाईक बाळकृष्ण शेडगे. वय सदतीस. तो खलाशी जिवंत आहे.