मनीला लस दिली तेव्हा

आज नातीला लस टोचायला नेलं. स्पिरिटचा वास आला आणि ओमानमधली मनी आठवली. अल् खुवैरला मी ताईंकडे घरकामाला होते, मनी त्यांची मांजर.

“रेहाना, तूच धर बाई, तुझ्याशिवाय ती कुणाला हात लावू देत नाही,” ताई दवाखान्यात म्हणाल्या.

मी धरलं. मनीने माझ्या कोपरात तोंड खुपसलं. सुई टोचल्यावर डॉक्टर हसून म्हणाले, “बिल्ली के पेपर हो गए, मॅडम. कॅनडा कब जा रहे हो?”

ताई खाली बघत पुटपुटल्या, “तुला सांगणारच होते गं.”

सहा वर्षं त्यांच्या घरात राहिले आणि ते घर मोडतंय, हे मला मांजराच्या डॉक्टरकडून कळलं.

गाडीत मनी रुसून माझ्याकडे पाठ करून बसली. तेव्हा मी रडले नाही. मला फक्त तिचा हेवा वाटला.