ताप उतरला म्हणू नका

माझ्या बायकोच्या आत्याइतकं सदैव संतापलेलं माणूस सगळ्या मद्रासेत दुसरं नसेल. (मद्रासला चेन्नई म्हटलं की ती त्यावरही संतापे.) लहान मुलांची डॉक्टर ती. एका मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तिची हयात गेली, आणि डेंग्यू झालेल्या पोरांवर ती संशोधन करायची. घराणं तंजावूरकडचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची, सूर तमिळ आणि राग दोन्ही भाषांतला. ‘ताप उतरला’ एवढे दोन शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. “उतरला म्हणून नाचूं नका! डेंग्यू पोराचा तेव्हांच घात करतो. रक्तातलं पाणी आंतल्या आंत झिरपतं, पाय गार पडतात, आणि आईबाप नारळ फोडायला जातात!”

म्हणून दिसेल त्या पोराचे पाय चाचपायची तिला खोड. देवळात, भाजीबाजारात, तांबरमच्या लोकलगाडीत, कुठंही ती अनोळखी पोरासमोर वाकून पाय धरी, नख दाबून सोडी आणि लाली किती लवकर परतते ते पाही. पिकल्या केसांची बाई नातवाच्या पाया पडतेय असं पाहून एका आजीबाईंनी घाबरून स्वतःच त्या नातवाला नमस्कार केला होता. हेच सारं तिनं शास्त्रशुद्ध निबंधात लिहिलं: यंत्रांची वाट न पाहता दारातच पोराचे हातपाय चाचपावेत, आणि ते आईबापांनासुद्धा शिकवावं. वैद्यकीय मासिकाकडून निबंध परत आला. ‘यात नवीन काय?’ असा शेरा. “नवीन काय म्हणे! पोरं मरतात तीं जुन्याच तऱ्हेनं मरतात ना?” असं ती माझ्यावर ओरडली, जणू तो शेरा मीच मारला होता. मी बापडा बँकेतला माणूस.

पण माझंही डोकं फिरावं असा दिवस तिनं आणलाच. माझ्या धाकट्या मेहुणीचं लग्न होतं. ही भाची आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. वऱ्हाड पुण्याहून आलेलं, मुहूर्त तोंडावर, भटजी अंतरपाट उलगडतायत, आणि आत्या कल्याण मंडपाच्या कोपऱ्यात एका झोपलेल्या मुलाचे पाय चाचपतेय. तो नवरदेवाचा भाचा होता, पाचेक वर्षांचा.

“काही नाही हो,” मुलाची आजी, म्हणजे खुद्द वरमाय, कौतुकानं म्हणाली, “चार दिवस तापानं हैराण होता. आज पहाटे ताप उतरला, आता निवांत झोपलाय.”

झालं. “झोप नव्हे ही! अय्यो, पाय बघा, बर्फ आहेत! जावईबापू, उचला ह्याला. सीक्रम!” म्हणजे लवकर. दारात एकच गाडी उभी होती, नवरानवरीसाठी मोगऱ्याच्या माळांनी सजवलेली. आत्या तीत जाऊन बसली. मुलाची आई रडत शिरली, मी मुलाला घेऊन. नवरदेवाचे वडील आडवे आले, “हा काय पोरखेळ! मुलीकडच्यांनी आमची शोभा करायची ठरवलीय का?” आत्यानं काच खाली केली. “शोभा मागाहून करूं. बाजूला व्हा!” मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा आम्ही रस्त्याला लागलो होतो. या बाईपायी मेहुणीचा संसार पहिल्याच दिवशी मोडणार, या विचारानं मी सबंध रस्ताभर धुमसत होतो.

इस्पितळात तिनं त्याला सलाइन लावलं आणि दुपारभर खाटेजवळून हलली नाही. दर थोड्या वेळानं नाडी बघायची, पाय बघायचे, थेंबांचा वेग बदलायचा. तेवढा वेळ ती कुणावरही ओरडली नाही, तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली. संध्याकाळी वरमाय शालूतच धावत आली, आणि तिला पाहताच मुलानं ‘घरी जायचं’ म्हणून भोकाड पसरलं. ती त्याला गप्प करू लागली. “नको,” आत्या म्हणाली, “रडूं दे. अंगात जोर आला त्याच्या.”

मग बाहेर येऊन ती माझ्या शेजारी बाकावर बसली.

“लग्न लागलं काय?” तिनं विचारलं.

“लागलं.”

“कशी दिसली माझी पोर?”

मी तरी कुठं पाहिली होती? पण मी सांगितलं: हिरवा शालू खुलत होता, हार घालताना डोळ्यांत पाणी होतं. मीही दिवसभर इथंच होतो हे आत्याला पुरतं ठाऊक होतं.

“अजून सांगा,” ती म्हणाली.