काठीच्या टोकाचा कापूस

अंध पोहणारीला भिंत दिसत नाही. म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. ती भिंतीजवळ आली की काठीच्या मऊ टोकाने तिच्या डोक्यावर टपली मारायची. टपली बसली की तिने समजायचं, आता एकच हात, मग भिंत. तोंडाने काही सांगायचं नाही, स्पर्धेचा नियमच तसा. आज मी पुण्यात हेच काम करते.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. कापसाची वाईट वर्षं होती ती. आमच्या गावातली कितीतरी पोरं तेव्हा शाळेतून निघाली, त्यातलीच मी एक. पुढे अमरावतीत अंध मुलींच्या वसतिगृहात पोळ्या करायला लागले. एक सर त्या मुलींना सकाळी तलावावर न्यायचे आणि मी न्याहारीचा डबा घेऊन मागोमाग जायची. एक दिवस दुसऱ्या टोकाला उभं राहायला कोणी नव्हतं. सर म्हणाले, "बाई, काठी धरता येते का?"

"चिंचा पाडल्या ना सर जिंदगीभर!"

"मग धरा. इथे पाडायचं काही नाही, नुसतं टेकवायचं."

सरांनी माझं शिक्षण विचारलं नाही. त्यांचे उपकार मी त्या दिवसापासून मोजते.

मुलींमध्ये एक अकोल्याची होती. जठारपेठेत तिच्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान होतं. ती मेडली पोहायची, म्हणजे एकाच शर्यतीत चार तऱ्हा: आधी बटरफ्लाय, मग पाठीवर, मग ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल. सर सुरुवातीच्या टोकाला असायचे. माझ्या टोकाला ती दोनदा यायची, एकदा बटरफ्लायने, एकदा ब्रेस्टस्ट्रोकने. या दोन्हींत हात बरोबरीने पुढे येतात आणि बरोबरीने मागे जातात. हात मागे असताना भिंत आली तर पुढे फक्त डोकं असतं.

एकदा काठीच्या टोकाचा स्पंज झिजून गेला. पोरीच्या डोक्याला टोचायला नको म्हणून मी माझी उशी उसवली, मूठभर कापूस काढला, फडक्यात घट्ट बांधला आणि काठीच्या टोकाला त्याचा बोळा केला. वऱ्हाडातल्या बाईला मऊ म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? बटरफ्लायची टपली झकास बसली. पण सराव लांबला तसा प्रत्येक टपलीला बोळा पाण्यात बुडत होता. तिसऱ्या फेरीला ती ब्रेस्टस्ट्रोकने आली तेव्हा काठीचं टोक दगडासारखं जड झालेलं. मी उचलेपर्यंत ती भिंतीवर आदळली.

भुवईला चार टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर तिने ती काठी मागितली. बोळा दोन बोटांत धरून चाचपला.

"ताई, उशीतला हाय ना हा?"

"हो."

"मंग बरोबर. नवा कापूस लवकर भिजत नाही. जुना रायला तर गिलासभर पानी पिऊन बसते. अब्बाले इचाराचं होतं नं."

मला रडू आवरेना. म्हटलं, सरांना सांगते, दुसरी कोणी बघा. मी पोळ्याच करते.

ती म्हणाली, "दुसरीले शिकवाले मले पुन्हा डोकं फोडून घ्या लागन. तुमीच राहा."

टाके निघाले, पण भीती निघाली नाही. भिंत जवळ आली असं वाटलं की ती हात आखडायची, बोटांनी चाचपत पुढे यायची. सर घड्याळ बघून म्हणायचे, "भिंत कशाला शोधतेस? भिंत शोधायचं काम ताईंचं आहे."

"मले कळते सर. हातायले नाही कळत."

मग आम्ही ते हातांना शिकवायला घेतलं. जुन्या रबरी चपलेचा तळ कापून मी नवं टोक केलं. बादलीत शंभर वेळा बुडवून पाहिलं, जड होत नाही ना. रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात ती हात पुढे करून भिंतीकडे धावत यायची आणि मी कडेला उभी राहून टपली मारायची. टपली बसली की एक पाऊल, मग थांबायचं. आधी चालत, मग पळत. बाकीच्या मुली खाटांवर बसून ऐकायच्या, एखादी चिडवायची.

"ताई, आज कोनाचं नाक फोडता?"

"तुजंच ठेवलं हाय, थांब!"

त्या पावसाळ्यात व्हरांड्याच्या भिंतीवर तिच्या तळव्यांचे काळपट ठसे उठले. पोळ्या करतानाही माझा हात टपलीच्या लयीत हलायचा. तव्यावरची पोळी करपायची, अधीक्षक बाई ओरडायच्या. मी म्हणायची, उद्या नाही करपणार. उद्याही करपायची.

पुढच्या वर्षी तिची परदेशातल्या स्पर्धेला निवड झाली. बडनेरा स्टेशनावर गाडीत बसेपर्यंत मला वाटत होतं, शेवटच्या क्षणी माझ्या जागी कोणी शिकलेली बाई येईल. नाही आली. मीच गेले.

शर्यतीच्या सकाळी आठ पोहणाऱ्यांसाठी माझ्या टोकाला आठ काठ्या होत्या. माझ्या शेजारची उंचनिंच बाई माझ्याकडे बघून हसली. मला हसता आलं नाही. तोंड उघडलं तर "आली गं, आली!" निघेल आणि पोरगी बाद होईल, या भीतीने मी ओठ दातांत धरले होते.

बटरफ्लायने ती आली. टपली वेळेवर बसली. तरी तिने हात आखडला, बोटं आधी भिंतीला लागली, मग तळवे. तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यातली पुढे गेली. पाठीवर पोहत ती लांब गेली, सरांकडून वळली आणि ब्रेस्टस्ट्रोकने परत माझ्याकडे यायला लागली. याच तऱ्हेत तिची भुवई फुटली होती. मी डोकी मोजली नाहीत, नंबर पाहिला नाही. फक्त तिची टोपी. वर, खाली. वर. टपली.

तिने हात ताणले, पूर्ण. दोन्ही तळवे भिंतीवर थाडकन बसले आणि पाणी माझ्या तोंडावर उडालं.

सगळ्या प्राथमिक फेऱ्यांचे निकाल लागले तेव्हा ती नववी होती. अंतिम फेरीत आठ जातात. वेळ तिची आजवरची सगळ्यात चांगली होती, हे सरांनी दोनदा सांगितलं. ती टॉवेल पांघरून बाकावर बसली होती.

"ताई, ब्रेस्टले मी हात आखडला का?"

"नाही."

"खरं सांगजा."

"नाही आखडला. तोंड भिजलं माझं."

"आन् बटरफ्लायले?"

लपवावंसं वाटलं. "तिथं आखडला."

"मंग तो आठवा नंबर तिथंच गेला," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. "तिकडं सरावाचा दुसरा तलाव हाय म्हणते. उद्या सकाळी किती वाजता उघडते, इचारून या तिथल्या लोकायले."

मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. काठी बाकाला टेकवून ठेवली आणि विचारायला गेले.